जीआय खांबावर स्टेनलेसचा कठडा: सिंहगड रस्त्यावरील एका गच्चीचे टिग वेल्डिंग

सिंहगड रस्त्यावरील एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीने गच्च्यांवरचा कठडा नवा करायचे ठरवले, तेव्हा खांब जुनेच राहतील ही अट तिने सुरुवातीलाच घातली होती. अट अवाजवी नव्हती. खांब जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी पाइपचे होते आणि पॅरापेटच्या काँक्रीटमध्ये गाडलेले होते. ते उखडायचे म्हणजे पॅरापेटचा माथा फोडणे आणि त्यापाठोपाठ गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लावणे आले. नुकताच नवा घातलेला ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, पुन्हा फोडायला समितीतले कोणीही तयार नव्हते. आडवे पाइप मात्र आंट्यांपाशी गंजून गळायला लागले होते. म्हणून जुन्या खांबांच्या माथ्यावर ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा दोन इंची, १६ गेजचा पाइप वेल्ड करून बसवायचा, असा तोडगा निघाला आणि नऱ्हे येथील एका लहान फॅब्रिकेशन कारखान्याने ते काम रनिंग फुटाच्या दराने घेतले. जोड उघड्यावर दिसणारे होते, पाइप पातळ होता आणि वरून बफिंग करून द्यायचे होते, त्यामुळे काम टिग वेल्डिंगने, म्हणजे आपल्याकडे सर्रास म्हणतात त्या आर्गॉन वेल्डिंगने करायचे, हे गृहीतच होते.

कोटेशनमध्ये पाइप, फिटिंग, वेल्डिंग, बफिंग आणि वाहतूक अशा बाबी होत्या. खांबांवरचा जस्ताचा लेप आणि त्यावर वेळोवेळी चढलेले रंग काढण्याची बाब त्यात नव्हती. ती कोणी मुद्दाम वगळली असेही नाही. ती कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. वेल्डरला मजुरी जोडामागे ठरली होती. पुढे जे घडले त्याचा बराचसा उलगडा या दोन गोष्टींतून होतो, असे माझे मत आहे. वेल्डिंगची तपासणी हा माझा व्यवसाय आहे आणि काम अडल्यावर कारखान्याच्या मालकांनी मला गच्चीवर बोलावले. तोपर्यंतचा घटनाक्रम मी वेल्डर, हेल्पर आणि मालक यांना वेगवेगळे विचारून लिहून घेतला.

अडचण कुठून सुरू झाली

काम मे महिन्यात, पावसाच्या आत उरकायचे म्हणून सुरू झाले. खांबाचा माथा ग्राइंडरने अर्धगोल कापून त्यावर स्टेनलेसचा पाइप टेकवायचा, दोन्हीकडून टाके, म्हणजे तात्पुरते छोटे वेल्ड, मारायचे आणि मग भोवताली वेल्ड फिरवायचा, अशी पद्धत ठरली. खांबावरचा रुपेरी रंग पॉलिश पेपरने थोडा खरवडला होता. पहिल्याच टाक्याला आर्क डगमगू लागला. आर्कखालच्या वितळलेल्या धातूच्या डबक्यातून, ज्याला वेल्डर पूल म्हणतात, फट्फट् आवाज करीत थेंब उडाले, टॉर्चच्या तोंडावरच्या, वायू सोडणाऱ्या कपावर पांढरी राख साचली, आणि टाका थंड झाल्यावर त्याच्या मध्यभागी टाचणी जाईल एवढे भोक दिसले. वेल्डरने टॉर्चमधले टंगस्टन, म्हणजे जिच्या टोकापासून आर्क निघतो ती सळई, पाहिले, तर धारदार टोकाऐवजी तिथे करड्या रंगाची खडबडीत गाठ तयार झाली होती.

टिग वेल्डिंग केलेल्या कोणालाही हे टोक ओळखीचे वाटेल. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते स्वतः जळत नाही असा अनेकांचा समज असतो. पण दुसऱ्या धातूची वाफ किंवा थेंब त्यावर बसला की टोकाची घडण बिघडते, आर्क एका जागी न राहता इकडेतिकडे सरकतो, आणि तेच टोक पुढच्या जोडात घाण सोडते. उपाय एकच असतो: टंगस्टन काढायचे, बिघडलेला भाग तोडायचा, चाकावर लांबीच्या दिशेने पुन्हा घासायचे. जोडामागे पैसे मिळणाऱ्या माणसाचे हे सगळे काम फुकटात जाते. त्या गच्चीवर वेल्डरचा वेळ आर्क मारण्यापेक्षा टंगस्टन घासण्यातच अधिक गेला, असे हेल्परने सांगितले, आणि ग्राइंडरपाशी पडलेले तुकडे पाहता ते खरे असावे.

यामागचे कारण टिगच्या घडणीतच आहे. साध्या रॉडने वेल्डिंग करताना रॉडवरचा फ्लक्सचा लेप वितळतो आणि घाणीचा काही भाग स्लॅगमध्ये, म्हणजे वेल्डवर तरंगणाऱ्या मळीत, ओढून घेतो. टिगमध्ये फ्लक्स नाही. भोवती फक्त आर्गॉनचे आवरण असते, आणि आर्गॉन हवेला दूर ठेवतो, पृष्ठभागावर आधीपासून असलेल्या गोष्टींचे काहीही करीत नाही. ॲल्युमिनियमवर एसी करंट वापरला की ऑक्साइडचा थर काही प्रमाणात आर्कच फोडतो, पण पोलाद आणि स्टेनलेसवर टॉर्च ऋण टोकाला ठेवून डीसीने काम करतात आणि तिथे ती सोय मिळत नाही. मग जोडावर जे काही असेल ते एकतर पुलात मिसळते किंवा वाफ होऊन वर येते. आणि वर, दोन-तीन मिलिमीटरवर, टंगस्टनचे टोक असते.

जस्ताच्या बाबतीत तर आकडेच प्रतिकूल आहेत. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळायला साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे खांबाचे पोलाद वितळून पूल तयार होण्याच्या कितीतरी आधी त्यावरचे जस्त उकळून वाफ झालेले असते, आणि ती वाफ दोन पृष्ठभागांच्या मध्ये अडकली असेल तर तिला बाहेर पडायला पुलाखेरीज दुसरी वाट नसते. भोक पडते ते तिथे.

दोष शोधण्याचा उलटा क्रम

वेल्डर अनुभवी होता, लातूरकडचा, चाकणच्या कारखान्यांत स्टेनलेसच्या पाइपलाइनवर काम केलेला. स्वच्छ स्टेनलेसवर त्याचा हात किती चांगला आहे हे मी नंतर पाहिले. पण कोणत्याही अनुभवी माणसाप्रमाणे त्याने आधी त्याच्या हातात असलेल्या गोष्टी तपासल्या, आणि दुर्दैवाने त्यातल्या प्रत्येक बदलाने परिस्थिती थोडी अधिक बिघडली.

पूल नीट वाहत नाही म्हणून त्याने करंट वाढवला. ८० ॲम्पिअरवरून तो ११० च्या पुढे गेला, तेव्हा उष्णता जास्त पसरली, अधिक क्षेत्रावरचे जस्त उकळले आणि १६ गेजचा पाइप कडेने वितळून खचू लागला. मग आर्गॉन कमी पडतोय असे वाटून त्याने प्रवाह मिनिटाला १० लिटरवरून २० लिटरच्या आसपास नेला. लहान कपातून एवढा वायू सोडला की त्याचा प्रवाह घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो; त्यामुळे वेल्डचा रंग सोनेरीऐवजी काळपट करडा येऊ लागला. त्यात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर वारा होताच. हवेची साधी झुळूकसुद्धा आर्गॉनचे आवरण विस्कटते, हे त्याला माहीत होते आणि त्याने प्लायवूडचा आडोसाही केला, पण आडोशाने वारा थांबला, भोके थांबली नाहीत.

मग सिलिंडरवर संशय आला. सिलिंडर बदलला. मशीनवर संशय आला, म्हणून कारखान्यातले दुसरे इन्व्हर्टर मशीन चार मजले चढवून आणले गेले. फिलर, म्हणजे जोडात वितळवून भरायची तार, विकणाऱ्या दुकानदाराने सांगितले की ३०८एल नको, ३०९एल वापरा. स्टेनलेस आणि साधे पोलाद एकमेकांना जोडताना ३०९एल हाच योग्य फिलर आहे, त्यामुळे सल्ला चुकीचा नव्हता. फक्त त्या सल्ल्यात खांबावर जस्त आहे ही गोष्ट नव्हती, कारण दुकानदाराला ती कोणी सांगितलीच नव्हती. शेवटी मालकांनी वैतागून "साध्या रॉडने मार आणि वरून बफ कर" असेही सांगितले. वेल्डरने ते ऐकले नाही. मला तो म्हणाला, "साहेब, मशीन चांगलं आहे, गॅस चांगला आहे, मटेरियलच भांडतंय." निदान इथेच पूर्ण झाले होते. त्यावर कृती करण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नव्हता, कारण प्रत्येक खांब आतून-बाहेरून स्वच्छ करायला लागणारा वेळ कोणाच्या हिशोबात धरलेला नव्हता.

हेल्परचा ताप

या दरम्यान एका संध्याकाळी हेल्परला थंडी वाजून ताप आला. तोंडाला गोडसर, धातूसारखी चव, कोरडा खोकला, अंग मोडून आलेले. दिवसभर गच्चीवर काम केल्याने ऊन लागले असावे, असे घरच्यांनी धरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो बरा झाला आणि विषय संपला.

हा धातूच्या धुराचा ताप होता याबद्दल मला फारशी शंका नाही. जस्ताची वाफ हवेत येताच तिचे ऑक्साइड बनते. तापलेले असताना ते पिवळसर दिसते, थंड झाले की पांढरे होते आणि पिंजलेल्या कापसासारखे तंतू होऊन तरंगते. हे ऑक्साइड श्वासातून गेले की काही तासांनी, बहुधा काम संपवून घरी पोहोचल्यावर, फ्लूसारखी लक्षणे सुरू होतात आणि एक-दोन दिवसांत ओसरतात. रोज संपर्कात असलेल्या कामगाराला त्याची तात्पुरती सवय होते आणि सुट्टीनंतर ती जाते, त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास पुन्हा जाणवतो. दूध प्यायले किंवा गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही वेल्डिंगच्या दुकानांतून घट्ट बसलेली समजूत आहे. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात. दुधाने यातले काहीही अडत नाही. तोंडाला बांधलेल्या रुमालाचाही उपयोग नसतो, कारण हे कण रुमालातून सहज आरपार जातात. धूर नाकासमोरून बाजूला नेणारा पंखा आणि धातूच्या धुरासाठीचा योग्य फिल्टरचा मास्क हेच उपयोगाचे, आणि त्याहून अधिक उपयोगाचे म्हणजे आर्कखाली जस्तच न ठेवणे.

याच टप्प्यावर साफसफाईसाठी हेल्परने गॅरेजमधून ब्रेक क्लीनरचा डबा आणला होता. तो मी लगेच खाली पाठवला. काही क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावके असतात. आपल्या कारखान्यांत तेल काढायला वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन त्याच वर्गातले. त्यांची वाफ आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील किरणांत आली की फॉस्जिन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. पुसायचे असेल तर ॲसिटोनने पुसावे, फडके दूर टाकावे आणि पूर्ण वाळल्यावरच आर्क मारावा.

चांगला दिसणारा वेल्ड

यानंतर मालकांनी एक पाऊल मागे घेतले आणि माथ्यापाशी खांब बाहेरून ग्राइंडरने घासून घेण्याची परवानगी दिली. फ्लॅप डिस्कने जस्ताची चमक गेली, खाली करडा धातू दिसला, आणि त्यावर मारलेले जोड पहिल्यांदाच नीट उतरले. आर्क स्थिर राहिला, टंगस्टनचे टोक टिकले, वेल्डवर सोनेरी रंग आला. एका इमारतीचे जवळजवळ सगळे काम या पद्धतीने झाले. समितीच्या सेक्रेटरी काकांनी वर येऊन पाहिले आणि समाधान व्यक्त केले.

बफिंग करणाऱ्या मुलाच्या लक्षात मात्र एक गोष्ट आली. वेल्डच्या कडेला, स्टेनलेसच्या बाजूला, बफिंगचा हिरवा साबण एका बारीक रेषेत अडकून राहत होता. पुसला की जाई, पुन्हा चाक फिरवले की त्याच जागी पुन्हा रेषा. अशा रेषा त्याला बऱ्याच जोडांवर दिसल्या. त्याने त्या वेल्डरला दाखवल्या, वेल्डरने मालकांना, आणि तेव्हा मला बोलावणे आले.

आम्ही डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट केली. या चाचणीत पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर लाल द्रव फवारतात, साधारण दहा मिनिटे मुरू देतात, वरचा द्रव फडक्याने टिपून घेतात आणि पांढरा डेव्हलपर मारतात. फटीत शिरलेला लाल द्रव मग पांढऱ्यावर उमटतो. उन्हात तापलेल्या पाइपावर ही चाचणी विश्वासार्ह राहत नाही, म्हणून ती सकाळी लवकर केली. दोन प्रकारच्या खुणा दिसल्या. वेल्डच्या पट्टीवर काही ठिकाणी लाल ठिपके उमटले, म्हणजे सूक्ष्म भोके. ती अपेक्षितच होती. पण वेल्डच्या कडेबाहेर, स्टेनलेसच्या मूळ पाइपात, कडेला समांतर अशा काही मिलिमीटर लांबीच्या लाल रेषा उमटल्या, आणि एका जोडावर त्यांना फाटे फुटलेले होते. खांबाच्या पोलादात एकही रेषा नव्हती. तडे वेल्डमध्ये नव्हते आणि खांबातही नव्हते. फक्त स्टेनलेसमध्ये होते.

जागा पाहूनच कारणांची यादी लहान होते. स्टेनलेसचा वेल्ड गोठताना पडणारा तडा सहसा वेल्डच्या आत, मधोमध असतो. क्लोराइडमुळे ताणाखाली पडणारे तडे वेळ घेतात. हे काही दिवसांत पडले होते. राहिले जस्त. ३०४ सारख्या ऑस्टेनायटिक स्टेनलेसवर साधारण ७५० अंशांच्या वर वितळलेले जस्त आले आणि त्याच वेळी धातू ताणाखाली असला, तर जस्त धातूच्या कणांमधल्या सीमांमध्ये शिरते आणि त्या सीमा क्षणात उघडतात. वेल्डच्या कडेला उष्णता असतेच, आणि थंड होताना आकुंचनाचा ताणही असतो. जस्तसुद्धा होतेच. बाहेरून घासले असले तरी जीआय पाइपला लेप आतूनही असतो. अख्खा पाइप वितळलेल्या जस्तात बुडवूनच तो तयार होतो. उभ्या खांबात आतले जस्त वितळले, उकळले, आणि वर येण्याला मोकळी वाट होती ती थेट जोडाच्या खालून, स्टेनलेसच्या पोटाला लागून.

बाहेरचे घासणेही वाटले तेवढे पुरे नव्हते, असे पुढे कळले. गॅल्व्हनायझिंगचा थर पन्नास-साठ मायक्रॉनच्या घरातला असतो आणि तो सगळा शुद्ध जस्ताचा नसतो. वर चमकणारे जस्त, आणि त्याखाली जस्त व लोखंड यांच्या मिश्रणाचे करडे थर. चमक गेली म्हणजे जस्त गेले असे डोळ्याला वाटते, कारण तो करडा थर उघड्या पोलादासारखाच दिसतो.

हे वेल्डरला दाखवण्यासाठी मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रातून थोडे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणले आणि पाण्यात विरघळवले. चमक घालवलेल्या, घासून तयार आहे असे मानलेल्या खांबाच्या माथ्यावर त्याचा थेंब ठेवला, तर तो काही सेकंदांत काळा पडला आणि बोटाने पुसल्यावर काळी भुकटी निघाली. म्हणजे खाली अजून जस्त होते. मग तीच जागा डिस्कने आणखी घासली आणि पुन्हा थेंब ठेवला. या वेळी तिथे तांब्याचा स्वच्छ लालसर थर बसला, बोटाने न निघणारा. आता पोलाद उघडे पडले होते. वेल्डरने त्यानंतर तो डबा स्वतःकडेच ठेवून घेतला. चाचणीनंतर ती जागा पाण्याने धुऊन, वाळवून आणि पुन्हा हलकेच घासून घ्यावी लागते, नाहीतर तांबे वेल्डमध्ये जाते. हे मात्र आवर्जून सांगावे लागले.

नमुना प्रयोगशाळेत पाठवावा असे मी सुचवले होते, पण सोसायटी आणि कारखाना यांच्यापैकी कोणीही खर्च घ्यायला राजी नव्हते. म्हणून कारखान्यातच एक साधी तुलना केली. उरलेल्या जीआय पाइपाचे तुकडे घेतले. काही बाहेरूनच घासले, काही आतून-बाहेरून, थेंब लाल येईपर्यंत. दोन्हींवर त्याच स्टेनलेस पाइपाचे तुकडे, तोच वेल्डर, तोच फिलर, तोच करंट. सगळ्यांची डीपी टेस्ट केली. आतले जस्त ठेवलेल्या तुकड्यांच्या स्टेनलेसमध्ये रेषा उमटल्या, दुसऱ्या गटात उमटल्या नाहीत. हा सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा नव्हे हे मान्य; पण निर्णय घ्यायला तो पुरेसा होता.

या तड्यांकडे किती गांभीर्याने पाहायचे याविषयी सोसायटीच्या बैठकीत प्रश्न आला, तेव्हा मी फ्लिक्सबरोचा उल्लेख केला. इंग्लंडमधल्या त्या रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. चौकशीने स्फोटाचे मूळ २० इंची तात्पुरत्या बायपास पाइपात शोधले, पण ढिगाऱ्यातून मिळालेल्या ८ इंची स्टेनलेस पाइपातला लांब तडा जस्तामुळेच पडलेला होता, आणि तो स्फोटापूर्वीचा की नंतरचा यावर बरीच चर्चा झाली. आपल्या गच्चीची त्या कारखान्याशी तुलना करायची नाही; मुद्दा एवढाच की ही घटना धातुशास्त्रात अपरिचित नाही आणि कठड्यावर लहान मुले ओणवी होतात.

काय केले आणि काय नाकारले

पहिला प्रस्ताव होता तडा घासून काढायचा आणि वर पुन्हा वेल्ड फिरवायचा. तो टाकून द्यावा लागला, कारण जस्त तड्याच्या आत, सीमांमध्ये शिरलेले असते. पुन्हा उष्णता दिली की ते पुन्हा वितळते आणि तडा पुढे सरकतो. दुसरा प्रस्ताव कारखान्याच्या सुपरवायझरचा होता: माथ्यावर मुरियाटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड लावून जस्त उतरवायचे. ॲसिडने जस्त उतरते, पण उभ्या खांबात ओघळलेले ॲसिड धुऊन काढता येत नाही, त्यातून निघणारा हायड्रोजन पाइपात साचू शकतो, आणि राहिलेले क्लोराइड स्टेनलेसला खड्डे पाडते. तिसरा प्रस्ताव म्हणजे प्रत्येक खांब आतून आणि बाहेरून, जोडापासून निदान २५ ते १०० मिलिमीटरपर्यंत यांत्रिक पद्धतीने स्वच्छ करणे. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता आणि नवीन काम असते तर मी तोच धरला असता. पण ४० मिलिमीटरच्या जुन्या, आतून गंजलेल्या पाइपात रोटरी फाइल घालून गच्चीवर वाकून तेवढे काम प्रत्येक खांबावर सारखेच नीट होईल, याची खात्री मला देता येईना. शिवाय तिथे जस्ताचे संरक्षण गेलेले उघडे पोलाद आणि त्याला चिकटलेले स्टेनलेस पावसात राहिले असते, म्हणजे खांब जोडापाशीच सगळ्यात आधी गंजला असता. झिंकयुक्त रंग बाहेरून लावता येतो, आतून नाही.

म्हणून जीआयवर वेल्ड करायचाच नाही असे ठरले. खांबाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर होता. त्यावर सैलसर बसेल असा ६०.३ मिलिमीटर व्यासाच्या स्टेनलेस पाइपाचा बुश, म्हणजे बाहेरून चढवायचा तुकडा, घेतला, मधल्या साधारण तीन मिलिमीटर फटीत नायलॉनची नळी, आणि आरपार स्टेनलेसचा बोल्ट, त्यालाही नायलॉनचे वॉशर. नायलॉन दोन धातूंचा थेट संपर्क तोडतो. नाहीतर ओल्या हवेत स्टेनलेसशी जोडलेले जस्त लवकर झिजते. कठड्याचा पाइप आणि हा बुश यांचा वेल्ड नऱ्ह्याच्या कारखान्यात, टेबलावर, स्टेनलेस ते स्टेनलेस असा ३०८एलने मारला. गच्चीवर फक्त पाइपाचे सांधे राहिले, आणि ते खांबांपासून दूर, दोन खांबांच्या मध्यावर घेतले. बोल्टसाठी खांबाला पाडलेल्या भोकांच्या कडांना झिंकयुक्त रंग लावला.

एक गोष्ट या टप्प्यावर जवळजवळ निसटली होती. जीआय घासलेल्या फ्लॅप डिस्क आणि वायर ब्रश त्याच पेटीत होते आणि नव्या स्टेनलेसवर तेच चालवले जात होते. अशा डिस्कमधून जस्ताचे आणि लोखंडाचे कण स्टेनलेसवर घासले जातात. लोखंडाचे कण पहिल्या पावसात तांबूस डाग होऊन वर येतात आणि लोक म्हणतात स्टेनलेस गंजले. मालकांनी डिस्क आणि ब्रश वेगळे केले, स्टेनलेसच्या पेटीला निळा रंग लावला.

कारखान्यात मारलेले जोड पाहिले तेव्हा वेल्डरचा खरा हात कळला. एकसारखा, बारीक लाटांचा, फिकट सोनेरी वेल्ड. टंगस्टन अर्धा दिवस न घासता चाललेले. गच्चीवर आठवडाभर ज्याच्या कौशल्याविषयी कुजबुज चालली होती, तो हाच माणूस.

पैशाचा भाग

सगळ्यात जास्त वाद झाला तो तडे न दिसलेल्या जोडांवरून. पहिल्या इमारतीत असे जोड होते ज्यांवर डीपी टेस्टमध्ये एकही रेषा उमटली नव्हती, आणि सेक्रेटरी काकांचे म्हणणे होते की जे दिसत नाही ते कापायचे कशाला. माझे उत्तर असे होते की डीपी टेस्ट फक्त पृष्ठभागावर उघडणारा तडा दाखवते, ज्या बाजूला द्रव फवारता येतो त्याच बाजूचा. कठड्याच्या पाइपाची आतली बाजू आपण पाहिलेलीच नाही, आणि जस्ताची वाफ तर खालून, त्या पोटापाशीच आलेली होती. बैठक लांबली. शेवटी ते सगळे जोड कापायचे, कापलेल्या टोकांचा पाइप कारखान्याने सोसायचा, बुश आणि बोल्ट यांचा खर्च सोसायटीने द्यायचा, असे ठरले. बाद जोडांची मजुरी वेल्डरला देऊ नये असे मालकांचे पहिले म्हणणे होते. जोड त्याने सांगूनसवरून, त्याला दिलेल्या मालावरच मारले होते, हे मी लेखी दिले, आणि त्यांनी त्याला त्या दिवसांची हजेरी धरून पैसे दिले.

कारखान्याच्या कोटेशनमध्ये आता जुन्या धातूवरच्या कामासाठी वेगळी ओळ असते: जोडावरील रंग, गंज व जस्ताचा लेप आतून आणि बाहेरून काढणे, प्रति जोड दराने. घासाघीस करणारे ग्राहक सगळ्यात आधी तीच ओळ खोडायला सांगतात. मालक ती खोडतात, आणि तिच्या जागी लिहितात की जोड बोल्टने केला जाईल.